तळ्याकाठची दोन पानं

कलाक्कानं पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. माझ्या साडीच्या काठाकडं बघून ती म्हणाली, "बाई, तुमी तळ्याच्या वाटंनं आलाव व्हय?"

मी खटकचिंचोळीला बसमधून उतरून तीन किलोमीटर चालत आले होते. गावातल्या मराठी शाळेवर माझी नेमणूक झाली होती आणि राहायला मिळालेली खोली कलाक्काच्या घराला लागून होती. पाऊलवाट तळ्याच्या कडेनं येत होती. माझ्या निऱ्यांना काटेरी बोंडं चिकटली होती. एका दाण्याच्या भुईमुगाच्या शेंगेएवढी, अंगभर बारीक आकडे आणि टोकाला दोन चोची. ओढायला गेलं की साडीचा धागा निघायचा.

"थांबा, ओढू नका." ती माझ्यापुढं उकिडवी बसली आणि एकेक बोंड आकड्यांच्या उलट दिशेनं फिरवून हलक्या हातानं काढू लागली. "ह्याला आमी लांडगा म्हणताव. कुणी गोखरू म्हणतंय, पर गोखरू येगळं. ते जिमिनीवर पसरतंय, त्याला पिवळं फूल येतंय. ह्यो उबा वाडतोय, माणसाएवडा."

दहा-बारा बोंडं तिच्या मुठीत जमली. तिनं हात मागं नेला आणि ती घरामागच्या उतारावरून तळ्याकडं भिरकावून दिली. मग विचारलं, "च्या घेताव न्हवं?"

असं आमचं शेजारपण सुरू झालं. ते सहा वर्षं टिकलं.

कलाक्काचं खरं नाव कलाबाई. पण त्या गावात मराठी आणि कन्नड एकाच चुलीवर शिजतं, त्यामुळं मोठ्या बाईला अक्का म्हणायचं, मग ती कुठल्या का भाषेची असेना. ती साठीकडं झुकलेली, उंच, वाळकी, आणि चालताना जरा पुढं वाकलेली, जणू सतत कुणाच्या तरी मागं निघालीय. नवरा अंबाजी पाच वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला. एकुलती लेक मंगल राजेश्वर गावी दिलेली. घरात ती एकटी आणि बाजूला कुंपणाच्या वाड्यात अडतीस मेंढरं.

त्या मेंढरांशी ती दिवसभर बोलायची. त्यातल्या बऱ्याच जणींना नावं होती. कुणी चांदी, कुणी बोबडी. एकीचं नाव 'मास्तरीण' होतं, कारण ती कळपाच्या पुढं उभी राहून मागं वळून बघायची. हे मला कळल्यावर कलाक्का लाजली. "तुमी यायच्या आदीचं नाव हाय ते," असं तिनं तीनदा सांगितलं.

लोकरीला आता गिऱ्हाईक उरलेलं नव्हतं. तरी ती वर्षातून दोनदा मेंढरं कातरायची, लोकर पिंजायची, टकळीवर सूत काढायची आणि ओळखीच्या विणकराकडून घोंगडी विणून घ्यायची. लोकर साफ करायची तिची जागा ठरलेली होती. घरामागं तळ्याच्या बांधावर एक सपाट शिळा होती. तिथं बसून ती लोकरीच्या गुंत्यातून लांडगे काढायची आणि उतारावर टाकायची. मी शाळेतून परत यायची तेव्हा पुष्कळदा ती तिथंच असायची आणि तिच्याजवळ गौरम्मा बसलेली असायची.

गौरम्मा म्हणजे शिवशरण अण्णांची बायको. त्यांचं शेत तळ्याला लागून होतं. त्यांचं घर कन्नड बोलणारं, लिंगायत, खाणंपिणंही वेगळं. पण मंगल जन्मली तेव्हा कलाक्का तापानं बेशुद्ध पडली होती, आणि चाळीस दिवस गौरम्मानं आपल्या मुलाबरोबर मंगलला अंगावर पाजलं होतं. ही गोष्ट मला दोघींनीही वेगवेगळी सांगितली. कलाक्का सांगायची तेव्हा चाळीस दिवस असायचे. गौरम्मा सांगायची तेव्हा आठ-दहा असायचे. "ही वाढवून सांगती," ती मोडक्या मराठीत म्हणायची आणि कलाक्का तिला कन्नडमध्ये उत्तर द्यायची. बांधावर बसून दोघी एकमेकींच्या भाषेत बोलायच्या. आपापल्या भाषेत बोलल्या तर समजायचं दोघी रुसल्यात.

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी पाऊस उणा झाला. माघ संपतो न संपतो तोच तळं निम्म्यावर आलं. रानात हिरवं काही उरलं नाही. कलाक्काची मेंढरं एका दुपारी शिवशरण अण्णांच्या हरभऱ्यात शिरली. फार नाही, दोन सऱ्या खाल्ल्या. पण अण्णा तापट माणूस. भर रस्त्यात ते ओरडले, "पुन्हा एकदा आली ना माझ्या शेतात, तर परत न्यायला एक बी उरणार न्हाई तुला!"

कलाक्कानं मेंढरं गोळा केली आणि हाकत घरी आणली. संध्याकाळी गौरम्मा येऊन म्हणाली, "त्यांचं बोलणं मनावर घेऊ नको," आणि तिथं ते मिटलं असं सगळ्यांनाच वाटलं.

फाल्गुनात, होळीला चार दिवस असताना, सकाळी सहाच्या सुमारास मला कलाक्काची हाक आली. तशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

वाड्यात दोन मेंढरं मरून पडली होती. तिसरी, ती मास्तरीण, चारही पाय फाकवून उभी होती आणि थरथरत होती. माझ्यासमोर ती कोसळली. मान पाठीकडं ओढली गेली आणि आडवी पडल्या पडल्या तिनं पाय झाडायला सुरुवात केली, जणू कुठंतरी पळत चाललीय. कलाक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "काय झालं गं बाई? काय खाल्लीस? बोल की. कामून अशी करायलीस?"

थोड्या वेळानं पाय थांबले.

मी भालकीच्या गुरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर दुसऱ्या गावी गेल्या होत्या, दुपारपर्यंत येतील असं कळलं. मी वळून बघते तर कलाक्का वाड्यात नव्हती.

गावात नळाला पाणी आलं होतं. पंधरा-वीस बाया घागरी घेऊन रांगेत होत्या. गौरम्माची घागर नळाखाली होती. मी पोचले तेव्हा कलाक्का तिच्यासमोर उभी होती, पदर खांद्यावरून घसरलेला, हाताला मेंढराची लाळ.

"काल तुमच्याच शेताच्या कडंला चरली माझी मेंढरं. तुज्या नवऱ्यानं इष घातलं. बोलला व्हता तसं केलं."

गौरम्मानं घागरीवरचा हात काढला. मग म्हणाली, "अक्का, हे तू म्हणायलीस?"

"मीच म्हणायले. आन् तुला म्हाईत व्हतं."

कलाक्का मराठीत बोलत होती. गौरम्मानं कन्नडमध्ये दोनच शब्द उच्चारले, ते मला ऐकू आले नाहीत. घागर अर्धी भरली होती. ती तशीच नळाखाली सोडून ती घरी निघून गेली. घागर भरली, वाहू लागली, आणि कुणीही पुढं होऊन ती बाजूला केली नाही.

डॉक्टर विभा दुपारी एकला आल्या. तिशीतली बाई, बीदरची, मोटारसायकलवरून आलेली. तोवर सात मेली होती. त्यांनी आधी जिवंत असलेल्यांकडं धाव घेतली. सलाईन लावलं, तेल पाजलं, मला आणि कलाक्काला बाटल्या धरून उभं केलं. त्यानंतर आणखी दोन गेली. पण चार मेंढरं, जी उठणार नाहीत असं वाटलं होतं, ती तिसऱ्या दिवशी उभी राहिली.

मग डॉक्टरांनी एका मेलेल्या मेंढराचं पोट उघडलं. शिवशरण अण्णा लांब, आपल्या बांधावर उभे राहून बघत होते. जवळ आले नाहीत. डॉक्टरांनी पोटातला हिरवा गोळा ताटलीत काढला आणि पाण्यानं धुतला. अर्धवट चावलेली पानं मोकळी झाली. बोटाच्या पेराहून थोडी लांब, जाडसर, गुळगुळीत, निमुळती.

"मावशी, काल कुठं चरली ती जागा दाखवा."

आम्ही तळ्यावर गेलो. पाणी हटलं होतं तिथं ओल्या चिखलावर हिरवा पट्टा उगवला होता, मेथीच्या वाफ्यासारखा दाट. प्रत्येक रोपाला जाडजूड लालसर देठ आणि समोरासमोर दोन पानं. बाकी सगळं रान करपलेलं असताना ते हिरवं डोळ्याला गार वाटत होतं. मेंढरांनी एक मोठा पट्टा खुडून नेला होता.

"हेच," डॉक्टर म्हणाल्या. "हा लांडगा आहे. बीमधून फुटल्यावर जी पहिली दोन पानं येतात, त्यांच्यात विष असतं. मेंढरांनी पोटभर खाल्लं तर एक-दोन दिवसांत संपतात."

कलाक्कानं मान हलवली. "डाक्टरीणबाई, मी जल्मभर लांडगा बघायले. त्याचं पान भोपळ्याच्या पानावानी, खरबरीत, कडंला कातरलेलं. आन् मेंढरू त्याला तोंड लावत न्हाई. ह्ये दुसरंच कायतरी हाय."

"मोठा झाल्यावर खात नाहीत, बरोबर आहे तुमचं. कडू लागतो. पण लहानपणी तो असा दिसतो. बघा." त्यांनी एक रोप अलगद उपटलं. मुळाशी काटेरी बोंडाचं टरफल लटकत होतं.

कलाक्का म्हणाली, "ह्या तळ्यात जागोजाग लांडगे पुरलेत. कोंचं बी झाड उपटा, बुडात लांडगाच अडकून येईल."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्या चिडल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शंका बरोबर आहे त्यांची. कुणाचं ऐकून विश्वास ठेवणाऱ्या दिसत नाहीत. त्यांच्या डोळ्यांना पटू दे." जाताना त्यांनी आम्हा दोघींना आणखी एक सांगितलं, की प्रत्येक बोंडात दोन बिया असतात. एक यंदा फुटते, दुसरी थांबून राहते, पुढच्या वर्षासाठी किंवा त्याच्याही पुढच्या.

मेलेली नऊ मेंढरं कलाक्कानं एकाच खड्ड्यात पुरली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर ती अंगणात घमेलं घेऊन बसली होती.

"काय करायलीस कलाक्का?" तिच्याशी बोलताना मलाही आता तिचीच बोली यायची.

"बघायले." तिनं वाड्यातली माती घेतली नव्हती, तळ्यातली तर नाहीच. तुळशीच्या मागं भिंतीकडंची माती काढून, चाळणीनं चाळून, घमेल्यात भरली होती. "तळ्याची माती घेतली तर पुन्ना तंटा. त्यात काय काय पडलंय कुणाला ठावं? ही माती कोरी हाय." मग तिनं लोकरीच्या गाठोड्यातून स्वतःच्या हातानं पाच लांडगे वेचून काढले, मोजले, आणि मातीत दाबले. वरून फाटकं पोतं टाकलं, मेंढरांपासून जपायला.

मी विज्ञान शिकवते. माझ्या सातवीच्या पुस्तकात प्रयोग कसा करावा याचं पानभर वर्णन आहे. ते पान या बाईला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

रोज सकाळी ती पाणी शिंपडायची आणि पोतं उचलून बघायची. आठ दिवस काही नाही. या आठ दिवसांत गौरम्मा बांधावर आली नाही. नळावर ती कलाक्का असेल तर यायची नाही आणि कलाक्काही ती असेल तर मागं फिरायची. शिवशरण अण्णांनी मला एकदा रस्त्यात थांबवून विचारलं, "बाई, तुम्हाला बी वाटतंय काय, मी घातलं म्हणून?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मी तोंडानं वाईट हाय. हातानं न्हाई." आणि निघून गेले.

अकराव्या दिवशी मातीला तडा गेला. बाराव्या दिवशी तीन रोपं वर आली होती. लालसर देठ, दोन गुळगुळीत निमुळती पानं.

कलाक्का तळ्यावर गेली आणि तिथलं एक रोप घेऊन आली. घमेल्यातल्या रोपाशेजारी ते धरून कितीतरी वेळ बघत राहिली. "आजून थांबू," ती म्हणाली. "तिसरं पान येऊ दे."

तिसरं पान यायला आठवडा गेला. ते पहिल्या दोघांसारखं नव्हतं. कडा कातरलेल्या होत्या. कलाक्कानं त्यावरून अंगठा फिरवला. खरबरीत. मग चौथं पान, तसंच. आता त्या झाडाला कुणीही ओळखलं असतं.

"लांडगाच," ती म्हणाली. "नेणतेपणी कसा साळसूद दिसतोय बगा."

मला वाटलं, आता ती गौरम्माकडं जाईल. पण ती जागची हलली नाही. घमेल्याकडं बघणं सोडून ती बांधावरच्या शिळेकडं बघत होती, आणि शिळेखालच्या उताराकडं. मी तिच्या नजरेमागं गेले आणि माझ्याही लक्षात आलं. तो उतार सरळ तळ्यात जात होता.

"बाई," ती हळू म्हणाली, "मी लग्न होऊन आले तवा ह्या तळ्याच्या काठानं हरळी व्हती. लव्हाळा व्हता. ऐन उन्हाळ्यात मेंढराला तोंड घालाया जागा व्हती. टिटव्या कडंच्या खड्यांत अंडी घालायच्या, आमी वाट वाकडी करून जायचाव. लांडगा एकबी न्हवता हितं. मग एका साली आमच्या मालकानं कलबुर्गीकडनं पंधरा मेंढरं आणली. त्यांच्या अंगावर गच्च लांडगे. मी त्या शिळंवर बसून आठ दिवस येचले. तवापास्नं दर कातरणीला येचते. चौतीस वर्सं झाली. येचते आन् खाली टाकते."

तिनं दोन्ही तळवे उघडून स्वतःसमोर धरले.

"शिवशरण अण्णानं न्हाई. मीच घातलं ह्ये माझ्या लेकरांच्या पोटात."

मी म्हटलं, असं नसतं कलाक्का. हे झाड सात समुद्र ओलांडून आलंय असं म्हणतात, जनावरांच्या अंगाला चिकटून, पुराच्या पाण्यावर तरंगून. म्हशींच्या शेपटीला लागून आलं असतं, माझ्या साडीला लागून आलं असतं. तू टाकलं नसतंस तरी आलंच असतं.

"आलं असतं," तिनं मान्य केलं. "पर माझ्या हातानं बी आलं न्हवं?"

मी तिच्याजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले आणि घमेल्यातली रोपं एकेक करून उपटली. चुलीत टाकली.

गौरम्माच्या घरी ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी यायच्या वेळी ती सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली. गौरम्मा लांबून दिसली आणि तिला बघून वळली, तेव्हा कलाक्कानं मोठ्यानं हाक मारली.

"गौरी, थांब. मी नळावर बोलले व्हते, आता नळावरच आईक."

रांगेतल्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. कलाक्का कन्नडमध्ये बोलू लागली. मला कन्नड तेव्हा नीट येत नव्हतं, पण सगळं समजलं. दोन पानं, घमेलं, लोकर, शिळा. तिनं काहीही झाकलं नाही. शेवटी म्हणाली की माझी मेंढरं माझ्या चुकीनं मेली आणि आळ मी तुझ्या घरावर घेतला.

गौरम्मा ऐकत राहिली. मग मराठीत म्हणाली, "अक्का, मेंढरं मेली, तू दुःखात होतीस. आरडली असतीस, शिव्या दिल्या असत्यास, मी ऐकून घेतलं असतं. पण तू म्हणालीस, मला माहीत होतं. ते मला लागलं."

"व्हय," कलाक्का म्हणाली.

"मला थोडे दिवस दे."

"घे की. पायजे तेवडे घे."

गौरम्मानं आपली घागर भरली आणि ती गेली. मला वाईट वाटलं, कारण मी पुस्तकं वाचून वाढलेली, माफी मागितली की मिठी पडते असं मला वाटायचं. कलाक्काला मात्र हलकं वाटत असावं. त्या दिवशी तीन-चार आठवड्यांनी तिनं भाकरी थापल्या आणि एक मला आणून दिली.

त्या साली पाऊस बरा झाला. आषाढ संपता संपता तळ्याच्या सगळ्या काठानं लांडगा गुडघाभर वाढला. डॉक्टर विभा लसीकरणाला आल्या होत्या. कलाक्कानं त्यांना विचारलं, "ह्याला कवा मारावं?" त्या म्हणाल्या, श्रावणातच उपटा. भादव्यात रात्री मोठ्या होऊ लागल्या की फुलोरा धरतो, आणि एकदा बोंड पक्कं झालं की उपटून उपयोग नाही. शिवशरण अण्णांनी लांबूनच सुचवलं की फवारा मारला तर दोन दिवसांत जळून जाईल. डॉक्टर म्हणाल्या, "अण्णा, याच पाण्यावर तुमचे बैल येतात." तो विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवसापासून कलाक्का मेंढरं चरायला सोडून तळ्याच्या कडेला उपटायला बसू लागली. जमीन ओली, मुळं सहज निघायची. पण झाडं किती! तिनं घरामागच्या उतारापासून सुरुवात केली. संध्याकाळी तिचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे, पुरळ उठायचं, खाजायचं. मी खोबरेल तेल लावून द्यायची. "शाळा सुटल्यावर मी येते," असं म्हणून मीही जायची, पण मला तासाभरात कंबर धरायची.

पाचव्या दिवशी आम्ही वाकून उपटत होतो, आणि शेजारच्या पट्ट्यात कुणीतरी वाकलेलं दिसलं. गौरम्मा. नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा अंगावर घातलेला, हातात खुरपं. दोघी आपापला पट्टा उपटत राहिल्या. पाऊण तासानं गौरम्मानं कमरेला खोचलेला दुसरा सदरा काढून कलाक्काकडं फेकला.

"हात बघ कसे झालेत तुझे," ती मराठीत म्हणाली. "घाल ते."

कलाक्कानं कन्नडमध्ये काहीतरी उत्तर दिलं. गौरम्मा हसली.

श्रावणभर दोघी उपटत राहिल्या. ढीग एवढे झाले की शिवशरण अण्णांना बैलगाडी काढावी लागली. ते दरवेळी म्हणायचे, मला दुसरी कामं आहेत, आणि दरवेळी यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात कलाक्का रोज चिखलाची कड बघायला जायची. मेंढरांना तिकडं फिरकू द्यायची नाही. आणि एका सकाळी ती तोंड पाडून आली. "बाई, पुन्ना उगवलं की." उपटलेल्याच जागी नवी दोन-दोन पानं. मी तिला डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. बोंडातली दुसरी बी. गौरम्माला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "एवढ्यानं संपेल असं वाटलं होतं तुला? चौतीस वर्षं टाकलेस."

हे गौरम्माच बोलू शकत होती. दुसरं कुणी बोललं असतं तर कलाक्काला सहन झालं नसतं.

दुसऱ्या श्रावणात आणखी सात-आठ बाया आल्या. मासे धरणारे दोघं आले, त्यांच्या जाळ्यात दरवर्षी लांडगे अडकून जाळी फाटायची. तरीही तळ्याची पलीकडची बाजू राहिलीच. ती आजही तशीच आहे, भादव्यात तिकडून माणूस जाऊ शकत नाही. पण घरामागच्या उतारापासून शिवशरण अण्णांच्या शेतापर्यंतचा काठ मोकळा झाला. तिसऱ्या वर्षी तिथं हरळीचे फाटे फुटले. एके दिवशी मी शाळेतून येत होते तर कलाक्का काठावर हात टेकून ओणवी झाली होती. मला वाटलं पडली. ती गवत हुंगत होती.

या सगळ्यात तिला एक नवीन काम लागलं. दिवाळीनंतर कलबुर्गीकडचे मेंढपाळ कळप घेऊन आमच्या बाजूनं जातात आणि तळ्यावर उतरतात. कलाक्का त्यांना वाटेतच गाठायची. एका कापडात ओली माती आणि त्यात तीन रोपं, एकाला नुसती दोन पानं, एकाला चार आणि तिसरं वाळकं, बोंडासकट. ती कन्नडमध्ये सांगायची. ह्ये तिन्ही एकच हाय, ह्ये बारकं दिसलं की कळप मागं वळवा. मग मेंढरांच्या अंगावर हात फिरवायची आणि पोतं पसरून म्हणायची, लांडगे हितं येचा, जिमिनीवर न्हाई. वेचलेलं सगळं ती घरी नेऊन चुलीत जाळायची. एक म्हातारा मेंढपाळ तिला म्हणाला की मी सत्तर वर्षं मेंढरं राखतोय, मला शिकवायलीस काय? तिनं त्याला आपली नऊ मेंढरं कशी गेली ते सांगितलं. मग म्हाताऱ्यानं आपलं सांगितलं. त्याचीही एका साली अठरा गेली होती. सख्ख्या भावानंच भानामती केली असं समजून त्यानं त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. भाऊ आता हयात नव्हता.

तो म्हातारा पोत्यावर बसून दिवस मावळेपर्यंत वेचत राहिला.

गेल्या वर्षी माझी बदली औरादला झाली. कलाक्काकडं फोन नाही, त्यामुळं गौरम्माच्या फोनवरून ती बोलते. मागच्या रविवारी फोन आला. गौरम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आठ दिवस तिनं चुलीपुढं जायचं नाही, म्हणून कलाक्का दोन्ही वेळा त्यांच्याकडं स्वयंपाक करायला जाते. शिवशरण अण्णांना तिच्या हातची आमटी तिखट लागते. ते रोज तक्रार करतात आणि रोज दोनदा वाढून घेतात. मी मेंढरं किती आहेत विचारलं. सव्वीस, ती म्हणाली, आणि एक गाभण आहे. मग मागून गौरम्माचा आवाज आला, फोन इकडं दे म्हणून, आणि दोघींची कन्नड-मराठीत ओढाताण सुरू झाली. मी बराच वेळ फोन कानाला धरून नुसती ऐकत बसले.